परदेशातल्या कचेरीकडून खात्रीचं उत्तर कसं काढायचं? (तीन ठिकाणी विचारलं, तीन उत्तरं)

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. नेहमी नुसता वाचणारा, आज गरजेपोटी धागा काढतोय.

जर्मनीत ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारा राहण्याचा परवाना) आहे, सव्वादोन वर्षं होत आली. सध्या मुक्काम बडोदं. आई बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. दहा दिवसांची रजा काढून आलो होतो, आता डॉक्टर म्हणतात की अजून पाच-सहा आठवडे घरात कोणीतरी हवंच. बहीण सुरतेला, तिची मुलगी दहावीत. म्हणजे मीच.

अडचण अशी की माझ्या कार्डाची मुदत संपायला चोवीस दिवस उरलेत. निघण्याआधीच मुदतवाढीचा अर्ज ऑनलाइन टाकून आलोय. "आपला अर्ज मिळाला" अशी आपोआप सुटणारी ई-मेल आली, त्यापुढे काही नाही. आता इथे असताना कार्डाची तारीख उलटली तर मला परत जाता येईल का?

तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत फोन लावला. पाऊण तास संगीत ऐकल्यावर एक बाई म्हणाल्या, "अर्ज केलाय ना, मग काळजी नाही." ऑफिसने नेमलेला एजंट म्हणाला, "कार्ड संपल्यावर देशाबाहेर असाल तर अर्जच बाद." विमान कंपनीच्या हेल्पलाइनवर उत्तर मिळालं, "वैध कार्ड नसेल तर बसू देणार नाही." ई-मेल केली तर पुन्हा तेच आपोआप उत्तर. एकूण चार धक्के खाल्ले (बडोदेकरांना कळेल, बाकीच्यांनी हेलपाटे समजा).

तिकीट लवकरचं करून आईला टाकून जाऊ की थांबू? आणि मुळात अशा कचेऱ्यांकडून भरवशाचं उत्तर मिळवायची काही रीत आहे का?

एडिसनची_माई

आधी आईंना बरं वाटू दे. वॉकर घेतलात का? घेतला नसेल तर आजच घ्या.

आता अनुभव. आमच्या ह्यांच्या पासपोर्टवरचा व्हिसा चांगला अजून दोन वर्षांचा होता, तेव्हा निवांत होतो. अमेरिकेत राहायची खरी मुदत व्हिसावर नसते, आय-९४ नावाच्या नोंदीवर असते. आत येताना विमानतळावरचा अधिकारी ती तारीख टाकतो, आणि तुमचा पासपोर्ट त्याआधी संपत असेल तर बऱ्याचदा पासपोर्ट संपायचीच तारीख टाकतो. ह्यांच्या बाबतीत तेच झालं. नवा पासपोर्ट करून घेतला, पण नवा पासपोर्ट आला म्हणून आय-९४ आपोआप पुढे सरकत नाही.

फोन केला की पहिला माणूस समोरचा मजकूर वाचून दाखवतो. "व्हिसा वैध आहे ना सर, देन यू आर फाइन." तीनदा फोन केला, तिन्ही वेळा फाइन. शेवटी वकिलीणबाईंनी विचारलं, "आय-९४ उघडून पाहिलंत का?" सरकारी साइटवर फुकट दिसतं, दोन मिनिटांचं काम. तारीख उलटायला सात आठवडे होते म्हणून निभावलं. तेव्हापासून मी फोनवर कोणाला काही विचारत नाही. आधी आपल्या नावाची नोंद काय म्हणते ते बघते.

मांडवीचा_भाचा

लेस्टरहून. दांडियाबाजारकर, तुमच्या एजंटने बहुतेक दुसऱ्याच देशाचं उत्तर तुम्हाला चिकटवलंय.

आमच्याकडे ब्रिटनमध्ये मुदत संपण्याआधी अर्ज केला तर जुनी परवानगी निकाल लागेपर्यंत चालू राहते, १९७१ च्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ३-सी. पण तो अर्ज लटकलेला असताना देशाबाहेर पाऊल टाकलं की अर्ज मागे घेतला असं धरतात. आयर्लंडला गेलेलं चालतं, बडोद्याला नाही. मामेभाऊ ऑस्ट्रेलियात आहे, तिथे निराळंच: निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या, ब्रिजिंग व्हिसा ए वर बाहेर गेलात की तो संपला, जायचं असेल तर आधी ब्रिजिंग बी मागून घ्यायचा. अमेरिकेत ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज टाकल्यावर प्रवासाची आगाऊ परवानगी न घेता गेलात तर अर्ज सोडून दिला असं मानतात, त्यातून एच-वन आणि एल-वन या नोकरीच्या व्हिसावाल्यांना सूट. तीन देशांत एकाच प्रश्नाची तीन उत्तरं आहेत. म्हणून व्हॉट्सॲपवर "माझ्या साडूने असंच केलं होतं" याला काडीची किंमत नाही. साडू कुठल्या देशात, कुठल्या परवान्यावर, कुठल्या साली?

तिखट_सेवउसळ

एजंट म्हटलं की माझं डोकं फिरतं. अलकापुरीत कुठल्याही कॉम्प्लेक्सचा जिना चढा, दंतवैद्याच्या शेजारी व्हिसा कन्सल्टंट. बाहेर पाच देशांचे झेंडे, आत एसी, बिस्लेरी आणि "हो जाएगा." मी एकाला विचारलं, हा नियम कुठे लिहिलाय? म्हणाला, सर, पंदर वर्षनो अनुभव छे. अनुभव नियमाच्या जागी छापता येत नाही हो.

ब्रिटनमध्ये नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे. कॅनडाच्या सल्लागारांचं २०२१ पासून कॉलेज (म्हणजे त्यांची नियामक संस्था) आहे, त्याच्या यादीत नाव शोधता येतं. ऑस्ट्रेलियाच्या एजंटाला नोंदणी क्रमांक असतो. आपल्याकडे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते ती परदेशात नोकरीला माणसं पाठवणाऱ्या भरती एजंटला. फॉर्म भरून देणारा झेंडेवाला त्यात बसत नाही. तेव्हा पैसे टेकवण्याआधी त्या त्या देशाच्या यादीत नाव बघा. यादीत नसेल तर पाणी पिऊन खाली या.

दांडियाबाजारकर

माई, वॉकर घेतला, आई त्याच्याशी भांडते आहे. भाचे, हे मला कुणीच असं देशवार सांगितलं नव्हतं. पण मग जर्मनीचं काय?

राईनकाठ

जर्मनीत अकरा वर्षं. तुमचा कायदा राहण्याच्या परवान्याचा, कलम ८१. मुदत संपण्याआधी वाढीचा अर्ज केला असेल तर पोटकलम ४ प्रमाणे जुना परवाना निकाल लागेपर्यंत चालू असल्याचं धरतात. त्याचा दाखला म्हणजे फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग. आम्ही त्याला नुसतं "फिक्शन" म्हणतो. त्याच्या आत चौकोनी खुणांची एक रांग असते, त्यात ८१ च्या पोटकलम ४ पुढे फुली असेल तर बाहेर जाऊन परत येता येतं. पोटकलम ३ पुढे असेल तर येता येत नाही. कागद तोच, शिक्का तोच, फरक एका फुलीचा.

म्हणजे फोनवरच्या बाई चुकल्या नव्हत्या. त्यांनी अर्धंच सांगितलं. कायद्याने तुमचा परवाना चालू राहील, पण ते विमानतळावर कोणाला दाखवणार? विमान कंपनीला चुकीचा माणूस आणला तर दंड बसतो, म्हणून काउंटरवरचा पोरगा आयाटाच्या (विमान कंपन्यांच्या संघटनेच्या) टिमॅटिक प्रणालीत कुठल्या देशाला कुठले कागद लागतात ते बघतो आणि कागद मागतो. तुमची पहिली सरहद्द जर्मनीत नाही, अहमदाबादच्या चेक-इन काउंटरवर आहे.

अवांतर: सत्तावीस महिने होत आले तर कायमच्या परवान्याला पात्र झालात की. ब्लू कार्डवाल्याला ए-वन, म्हणजे पहिल्या पायरीचं जर्मन पुरतं, त्यावरचं बी-वन असेल तर एकवीस महिन्यांतच. तो अर्ज का नाही केला?

दांडियाबाजारकर

ए-वनची परीक्षा दोनदा पुढे ढकलली. विषय बदला.

मी पाठवलेली ई-मेल खाली मराठीत देतो, काही चुकलं असेल तर सांगा:

"माननीय महोदय/महोदया, मी गेली दोन वर्षं आपल्या शहरात राहतो व कर वेळेवर भरतो. माझ्या आईचा अपघात झाल्यामुळे मला तातडीने भारतात यावं लागलं. माझं कार्ड लवकरच संपत आहे. मी अर्ज केलेला आहे. मी काय करावं? मला परत येता येईल का? माझी नोकरी जाईल का? घरभाड्याच्या करारावर परिणाम होईल का? आईला सोबत आणायचं झाल्यास कुठला व्हिसा लागेल? कृपया मार्गदर्शन करावे. मी फार चिंतेत आहे."

जावक_क्रमांक

दांडियाबाजारकर, मी एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं टेबलावर बसून निवृत्त झालो. देश आपला, पण टेबल सगळीकडे सारखंच. तुमची ई-मेल मला आली असती तर मी काय केलं असतं ते प्रामाणिकपणे सांगतो. वाचली असती, वाईट वाटलं असतं, आणि खालून तिसऱ्या नंबरला ठेवली असती.

कारण ऐका. पाच प्रश्न आहेत, त्यातले तीन माझ्या खात्याचे नाहीत. फाईल नंबर नाही, म्हणजे मला शोधावं लागणार. "लवकरच संपत आहे" म्हणजे कधी? आणि "मी काय करावं" हे तर कुठल्याही कारकुनाला विचारायचं नाही. तो त्याचं उत्तर तोंडी देईल, कारण तोंडी दिलेलं फाईलला लागत नाही. मीसुद्धा दिलीत. रांग वीस माणसांची असायची, समोरच्याला "होऊन जाईल, या" म्हटलं की रांग पुढे सरकायची. पुढच्या महिन्यात तोच माणूस परत येऊन म्हणायचा, "साहेब, तुम्हीच म्हणालात ना?" मला आठवतही नसायचं.

पण एखादा म्हातारा यायचा, अर्ध्या पानाचा अर्ज, वर मागच्या पत्राचा क्रमांक, खाली एकच मागणी, आणि दुसरी प्रत पुढे सरकवून म्हणायचा, "पोच द्या." मी शिक्का मारून तारीख टाकली की संपलं. आवक रजिस्टरला नोंद झाली, आता जावक नंबर पडल्याशिवाय ते माझ्या डोक्यावरून उतरत नाही. अशा माणसाचा मला राग यायचा आणि काम त्याचंच आधी व्हायचं.

कारकुनाकडे मत मागू नका, कागद मागा. तुमची ई-मेल अशी करा:

"विषय: फाईल क्र. अमुक, ब्लू कार्ड मुदतवाढ. माझं कार्ड अमुक तारखेला संपतं. मुदतवाढीचा अर्ज त्याआधी अमुक तारखेला केला, पोच जोडली आहे. मी अमुक तारखेपर्यंत भारतात आहे. विनंती: कलम ८१ पोटकलम ४ प्रमाणे परवाना चालू असल्याचा दाखला मिळावा. मी स्वतः येऊ शकत नसल्याने तो माझ्या वतीने घेण्यासाठी अमुक यांना अधिकारपत्र दिलं आहे, तेही जोडलं आहे. आणखी काही लागत असल्यास याच पत्त्यावर लेखी कळवावे."

आईचं दुखणं एका ओळीत, तेही शेवटी, घाई का आहे ते कळण्यापुरतं. इस्पितळाचा कागद जोडा. नोकरी आणि घरभाडं काढून टाका.

राईनकाठ

काका, तुम्ही जर्मन कचेरीत असता तर आमचं कल्याण झालं असतं.

काकांच्या बोलण्याला तिथल्या कायद्याचा आधार आहे. प्रशासकीय कार्यपद्धतीच्या कायद्याचं कलम ३८ सांगतं की एखाद्या खात्याने "आम्ही अमुक करू" असं वचन दिलं तर ते लेखी असेल तरच बांधील. त्याच कायद्यात कलम २३, कचेरीची भाषा जर्मन. इंग्रजीत लिहिलेलं वाचायची सक्ती त्यांच्यावर नाही, म्हणून पत्र जर्मनमध्येच पाठवा, मोडकं चालेल. आणि सबळ कारण नसताना तीन महिने निकालच दिला नाही तर न्यायालयात निष्क्रियतेचा दावा लावता येतो. पत्रात त्याचा उल्लेख आत्ता करू नका, उगाच माणूस बिथरतो.

परतीचं_तिकीट

आमचं उलटं प्रकरण, पण धाग्यात बसतं. आम्ही सतरा वर्षांनी बडोद्याला परतलो, मी आणि मुलगी अमेरिकन पासपोर्टवर, नवरा अजून भारतीय. म्हणजे आपल्याच गावात मी "परदेशी". कामाटीबागेत माकडं बघत वाढले आणि आता फॉर्मवर नॅशनॅलिटीच्या रकान्यापाशी पेन अडखळतं.

मुलगी चौदाची. तिचा पासपोर्ट नवा झाला. ओसीआय कार्ड (परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) पुन्हा काढायचं की नाही? एका खिडकीवर म्हणाले काढायलाच लागेल, फोनवर म्हणाले काही करायला नको. दोन्ही चूक. २०२१ मध्ये नियम सोपा झाला: वीस वर्षांपर्यंत दर नव्या पासपोर्टला नवा फोटो आणि पासपोर्टची प्रत फक्त अपलोड करायची, तीन महिन्यांच्या आत. कार्ड पुन्हा काढायचं ते वीस पूर्ण झाल्यावर एकदाच. जुना पासपोर्ट बरोबर बाळगायची अटही त्याच साली गेली. तरी परत येताना काउंटरवरच्या मुलीने जुना पासपोर्ट मागितलाच. मी आदेशाची छापील प्रत पुढे केली. तिने वाचली, आत जाऊन आली, आणि माझ्याकडे न बघता बोर्डिंग पास दिला.

ती प्रत मिळवण्याचीही गंमत आहे. माहितीच्या अधिकारात मागावी म्हटलं तर २००५ च्या कायद्याचं कलम ३ म्हणतं की तो अधिकार नागरिकांना. ओसीआयवाला नागरिक नाही. मग नवऱ्याच्या नावाने दहा रुपये भरून अर्ज टाकला. पहिल्यांदा त्याने विचारलं, "माझ्या मुलीला कार्ड पुन्हा काढावं लागेल का?" उत्तर आलं की मत देणं या कायद्यात बसत नाही. दुसऱ्यांदा लिहिलं, "या विषयावर सध्या लागू असलेल्या आदेशाची प्रत द्यावी." तीस दिवसांच्या आत प्रत हातात. जावक काका म्हणतात तेच.

परदेशात राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी लक्षात ठेवा, तुम्हाला तिथून अर्ज करता येतो. दहा रुपयांसाठी कुणाला गाठायला नको, २०१३ पासून ई-पोस्टल ऑर्डर आहे.

मांडवीचा_भाचा

कॅनडात यालाच समांतर वाट आहे. तुमच्या फाईलवर अधिकाऱ्याने काय शेरे मारलेत ते पाच डॉलर भरून मागता येतं. माझ्या मेव्हणीच्या अर्जाला "कागद अपुरे" एवढंच कळवलं होतं. शेरे मागवल्यावर कळलं की बँकेच्या स्टेटमेंटवर तिचं नाव आमच्या गुजराती पद्धतीने आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, आणि पासपोर्टवर वेगळ्या क्रमाने. बिचाऱ्या अधिकाऱ्याला वाटलं दुसरीच बाई. एका प्रतिज्ञापत्राने मिटलं. ते शेरे वाचले नसते तर आम्ही अजून बँक बॅलन्सच वाढवत बसलो असतो.

तिखट_सेवउसळ

बडोद्याच्या मराठी माणसाच्या नावाचे हाल यावर स्वतंत्र धागा हवा. माझ्या जन्मदाखल्यावर आडनाव गुजरातीतून इंग्रजीत जाताना एक अक्षर गळालंय. साठ वर्षं झाली, अजून प्रत्येक खिडकीवर त्या अक्षराचा हिशोब देतोय.

एडिसनची_माई

धागाकर्ते कुठे गायब? काय झालं पुढे?

दांडियाबाजारकर

उशीर झाला, माफ करा. घरात फिजिओथेरपी, रात्री ऑफिसचं काम.

काकांचा मजकूर राईनकाठदादांनी जर्मन करून दिला. सोमवारी पाठवला. गुरुवारी माणसाने लिहिलेलं उत्तर आलं, चार ओळींचं: दाखला तयार आहे, अधिकारपत्र आणि ओळखपत्र घेऊन तुमचा प्रतिनिधी येऊ शकतो. ज्या कचेरीने सहा आठवडे मला फक्त आपोआप उत्तरं पाठवली तीच ही कचेरी. घरमालकाचा मुलगा जाऊन घेऊन आला, कुरिअरने सहा दिवसांत बडोद्यात. पाकीट उघडल्याबरोबर आधी आतलं पान काढलं. पोटकलम ४ पुढे फुली. मग आईला दाखवलं. ती म्हणाली, "एवढ्याशा कागदासाठी जेवत नव्हतास होय?"

आज साडेपाच आठवड्यांनी निघालो. अहमदाबादच्या काउंटरवर मुलगी म्हणाली, "सर, आ कार्ड तो एक्सपायर छे." मी कागद दिला. तिने पहिलं पान पाहिलं, मागचं पाहिलं, उलटा केला. मी आतली फुली दाखवली. तिने सुपरवायझरला बोलावलं. त्याने स्क्रीनवर काहीतरी टाइप केलं, स्क्रीन वाचली, कागद वाचला, पुन्हा स्क्रीन वाचली. मागे एक आजोबा खाकऱ्याच्या डब्यांचं वजन कमी करत होते, त्यांचे दोन डबे निघाले तरी हा वाचतच होता. मग म्हणाला, "ओके छे." उतरल्यावर जर्मन पोलिसाला चाळीस सेकंद पुरली.

आई वॉकर सोडून काठीवर आली आहे. बहीण दर शनिवारी येणार आहे. ए-वनची परीक्षा पुढच्या महिन्यात, फी भरली.

जावक_क्रमांक

छान. त्या चार ओळींच्या ई-मेलची छापील प्रत काढून ठेवा. कार्ड हातात येईपर्यंत टाकू नका.

परतीचं_तिकीट

+१. आणि अधिकारपत्राची प्रतही.

नवा_सभासद_७७

नमस्कार, धागा पूर्ण वाचला, खूप उपयोगी. माझा भाऊ नेदरलँड्समध्ये आहे, त्याचीही मुदत संपत आलीय आणि त्याला लग्नासाठी बडोद्याला यायचंय. तिथल्या कचेरीत फोन केला तर म्हणाले काही प्रॉब्लेम नाही. तरी जाणकारांनी लवकर सांगावे, अर्जंट आहे.

जावक_क्रमांक

मुदतवाढीचा अर्ज कुठल्या तारखेला केला? पोच आहे का?

नवा_सभासद_७७

अर्ज अजून केला नाही काका. आधी इथे विचारून घ्यावं म्हटलं.